पाठीवरचं पांढरं ठिगळ

पॅडिंग्टन, सिडनी
रविवार, ५ जानेवारी १९३०

प्रिय आयव्हर,

तू स्टेशनवर म्हणालास, "जाणारच असशील तर पत्रं घालू नकोस, मर्विन. एक दिवस तार येणारच आहे, तेवढी वाचीन." ते मी विसरलेलो नाही. म्हणून पाकिटावर तुझ्या एनिडचं नाव घातलंय. तिनं तुला हे दिलं नाही तर तिला रागावू नकोस, आणि दिलं तरीही रागावू नकोस.

मी बरा आहे. मिसेस टलक यांच्या घरी वरच्या मजल्यावर खोली आहे. खिडकीतून आमच्या शर्यती होतात त्या शोग्राउंडचे दिव्याचे खांब दिसतात. बाई स्कॉटिश आहेत, रोज सकाळी लापशी देतात आणि ती संपेपर्यंत दारात उभ्या राहतात. माझ्या कपड्यांना इंजिनातल्या जळक्या एरंडेल तेलाचा वास येतो म्हणून ते परसातल्या दोरीवर वेगळे वाळत घालायला लावतात.

पेपरात माझं नाव छापतात ते 'हंटर खोऱ्याचा चॅम्पियन' असं. खोरं आता कसं आहे? खाणी अजून बंदच आहेत असं वाचलं. जवळजवळ वर्ष होईल. खाणकामगारांचे दिवे सांभाळायचं तुझं काम खाण उघडल्यावर तुलाच मिळेल ना? गुडघा अखडलेल्या माणसाला मिळेल ना, असं विचारायचं होतं, पण ते वाक्य मी कच्च्या कागदावरच खोडलं होतं. आता लिहिलंच गेलं. भावाला माफ कर.

इथे मोटरसायकलच्या मोठ्या शर्यतींत हँडिकॅप नाही. हे तुला सांगायला हवं. आपल्याकडे कसं, आधी तुम्हा बाकीच्यांना सोडायचे आणि मी जिंकत गेलो तसतसं मला मागे मागे ढकलायचे. शेवटी शेवटी तर तुम्ही वळणाच्या पलीकडे दिसेनासे व्हायचात तरी ढकलणारा माझी गाडी धरूनच असायचा. जो चांगला त्याला सगळ्यात उशिरा सोडायचं, हाच आपल्याकडचा मान. इथे तसं नाही. चौघं एका रांगेत गाड्यांवर हळूहळू येतात, रेषेवर झेंडा पडतो, आणि सगळे एकदम सुटतात. मी सुटायला चपळ आहे हे मला इथे येऊन कळलं. तिकडे कळणार कसं?

काल जरा घसरलो. कोपर खरचटला, बाकी काही नाही.

तुझा,
मर्विन

ता. क. तू केलेली पोलादी टाच अजून उत्तम आहे. वळणावर जमिनीवरून घासत न्यायच्या डाव्या बुटाला ती चढवली की इथले लोक वाकून बघतात. एकानं विचारलं, घोड्याचा नाल ठोकून केलीय का. मी म्हटलं, खाणीतल्या तट्टाचा.


सोमवार, १३ जानेवारी

प्रिय आयव्हर,

मी पाठवलेलं चहा आणि जॅमचं पार्सल परत आलं. चहा परत आला, म्हणजे. जॅम नव्हता. तो कुणी ठेवून घेतला ते मला माहीत आहे आणि मी विचारणार नाही.

गेल्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं. 'जरा घसरलो' हे खरं नव्हतं. मी बेशुद्ध पडलो होतो. शुद्धीवर आलो तेव्हा मिसेस टलक यांचं नाव मला आठवेना. दुसऱ्या दिवशी जेवताना आठवलं, आणि मी इतक्या मोठ्यानं "टलक!" म्हणालो की त्यांच्या हातून बटाट्याचं भांडं पडलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला आणखी एक असा मार बसला तर गाडीच काय, जिनाही चढता येईल असं नाही. त्यांनी वापरलेला शब्द मी डिक्शनरीत शोधला. शोधायला नको होता.

आणि परवा शनिवारी पुन्हा पडलो. या वेळी डोकं वाचलं. खरंच वाचलं, हे लपवून लिहीत नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो. दोन्ही वेळा मी पुढे होतो. दोन्ही वेळा बाकीचे इतके मागे होते की कुणी नव्हतंच म्हणावं. आणि दोन्ही वेळा मी मान वळवून मागे बघितलं.

आयव्हर, पुढे असताना कुठे बघायचं तेच मला माहीत नाही.

तुला हसू येईल. पण विचार कर. मी आयुष्यात पुढून कधी धावलोच नाही. मी सुटायचो तेव्हा समोर तुमच्या पाठी असायच्या. एकेक गाठत यायचो, आणि सगळ्यात शेवटी तुझी. तुझ्या त्या लाल जर्सीवर एनिडनं पिठाच्या पोत्याचं पांढरं ठिगळ लावलं होतं, दोन खांद्यांच्या मधोमध. धुळीत बाकी काही दिसायचं नाही, ते दिसायचं. ठिगळ डावीकडे कललं की मी गाडी आडवी टाकायचो. ते सरळ झालं की मी सरळ. माझी गाडी जवळ आली की तू तो डावा कोपर जरासा वर करायचास. मागे न बघता, नुसत्या आवाजानं ओळखून. म्हणजे 'आता ये बाहेरून.' तुला ओलांडलं की समोर फक्त रेषा उरायची आणि तिथे शर्यत संपायची.

इथे झेंडा पडला की समोर काहीच नसतं. झाडलेली काळी खडी आणि दिवे. मला वाटतं काहीतरी चुकलंय, बाकीचे कुठे गेले, शर्यत थांबवली की काय. मान आपोआप वळते. मान वळली की खांदा वळतो, मागचं चाक सुटतं. ब्रेक तर आपल्या गाड्यांना नसतातच.

कॉर्मॅक डून म्हणून एक आहे, माझ्यापेक्षा मोठा, दोनदा राज्याची चॅम्पियनशिप जिंकलेला. काल गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे खोरेवाल्या, मागे काय तुझी आई डबा घेऊन येते का?" सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येऊन गाडीचा प्रत्येक नट पुन्हा आवळला.

तू कुठे बघायचास? तुला आधी सोडायचे. तू पुढे असायचास. एवढंच एका ओळीत लिही. हवं तर सही नको करूस.

मर्विन


रविवार, १९ जानेवारी

प्रिय आयव्हर,

तुझी ओळ आली नाही. मी दोनदा पोस्टमनला विचारलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "पोरीचं पत्र का?" मी हो म्हटलं, कारण ते समजावणं सोपं होतं.

मी एक युक्ती काढली होती. सुटायचंच नाही पुढे. मुद्दाम दुसऱ्या नंबरवर राहायचं, पुढच्याच्या पाठीला चिकटायचं, आणि शेवटच्या वळणावर बाहेरून काढायचं. म्हणजे आपल्याकडच्यासारखंच. काल पहिल्या शर्यतीत ती चालली. मी जिंकलो, आणि लोकांनी टोप्या उडवल्या.

मग अंतिम शर्यतीत डून होता. त्याला कळलं होतं. झेंडा पडल्यावर तोही हळू झाला. मी आणखी हळू झालो. तो आणखी हळू. चर्चच्या दारात दोन बायका एकमेकींना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात ना, तसे आम्ही दोघं अख्खं वळण गेलो आणि बाकीचे दोघं आम्हाला ओलांडून निघून गेले. लोकांनी संत्र्याच्या साली फेकल्या. डून आरामात हात हलवत होता, जणू त्याला सालींचा हारच घातलाय. ते दोघं तोवर पार लांब गेले होते, आणि शेवटी मलाच डूनच्या पुढे जावं लागलं. पुढे गेलो, आणि माझी मान वळली. पडलो नाही, पण गवतात गेलो.

हॅगर्टी हा इथला शर्यती भरवणारा. तो मला ऑफिसात बोलावून म्हणाला, "हे बघ पोरा. लोक पडणारे बघायला येतात, वेगानं जाणारे बघायला येतात. मागे वळून बघणारा बघायला कुणी येत नाही. पहिल्या फेब्रुवारीला राज्याची चॅम्पियनशिप आहे. त्यात असलास आणि धड चालवलीस तर राहा. नाहीतर खोऱ्यात जा आणि कोंबड्या पाळ."

मी "आभारी आहे" म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

एनिडचं कार्ड मिळालं. तुला माहीत नसेल तर हे वाक्य वाचलं नाहीस असं समज. तिनं लिहिलंय की तू माझी पत्रं वाचतोस, वाचून झाल्यावर चुलीच्या वरच्या फळीवर ठेवतोस, आणि चुलीत घालत नाहीस. बाकी काही लिहिलेलं नाही. जॅम चांगला होता असं आहे.

मर्विन


रविवार, २६ जानेवारी

प्रिय आयव्हर,

मी अंतिम शर्यतीत आलो. कसा ते सांगतो म्हणजे तुला अभिमान वाटायला नको. पात्रता शर्यतीतून दोघं वर जातात. मी दुसरा आलो. पूर्ण वेळ एका मेलबर्नवाल्याच्या पाठीकडे बघत. त्याच्या जर्सीला ठिगळ नव्हतं पण घामाचा डाग होता, त्यावर भागवलं.

पण शनिवारी दुसरा येऊन चालणार नाही. आणि डून तिथे असणार. मला पुढे घालणार हे नक्की. त्यानं तसं तोंडावर सांगितलंय: "तुला मी राजासारखा पुढे घालीन, खोरेवाल्या. गादीवर बसवीन. मग तू बघ मागे आणि हो भुईसपाट."

मी फार विचार केला आहे. रात्रीची झोप जाते इतका, पण ते लिहीत नाही. मला एकच उपाय सुचतो.

तू ये.

बोलू नकोस माझ्याशी. भेटूसुद्धा नकोस. ती जर्सी घाल, आणि दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी बाहेरच्या भिंतीपाशी, लोकांच्या सगळ्यात पुढे, उभा राहा. ट्रॅककडे पाठ करून. मला फक्त ते ठिगळ दिसलं पाहिजे. प्रत्येक फेरीला एकदा दिसलं तरी पुरे. समोर तुझी पाठ असली की मी मागे बघणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे.

सोबत रेल्वेचं तिकीट आहे, जायचं-यायचं. जर्सी असेल ना अजून? एनिडनं तिची पायपुसणी केली नसेल ना?

तुला हे सगळं बघायचं नाही हे मला कळतं. तू पडलास, गुडघा गेला, तेव्हा मी तुझ्या मागेच होतो. ठिगळ एकदम नाहीसं झालं होतं. म्हणून तर सांगतो. तुला बघायला लागणारच नाही. तुझी पाठ असेल.

मर्विन


गुरुवार, ३० जानेवारी

आयव्हर,

अजून काही नाही. तिकीट परत आलं नाही, एवढ्यावर मी आहे. पण ते एनिडनं जॅमसारखं ठेवून घेतलं असेल तर?

आज सराव होता. दुसऱ्या वळणाच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो आणि तू कुठे उभा राहशील ती जागा बघून आलो. कठड्याला तिथे निळा रंग उडालेला आहे. त्या जागेवर नजर ठेवून दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही वेळा भिंतीच्या फार जवळ गेलो. का ते कळलं नाही. टायरची हवा तपासली, ती बरोबर होती.

आता जे लिहितोय त्याचा वेगळा अर्थ घेऊ नकोस, मी फक्त सगळं व्यवस्थित लावून ठेवतोय. मिसेस टलक यांना सांगून ठेवलंय की शनिवारी काही झालंच तर तार करायची नाही. पत्र लिहायचं, साधं, आणि एनिडच्या नावानं. पत्ता त्यांना मोठ्या अक्षरांत लिहून दिला. त्या म्हणाल्या, "तू आधी लापशी संपव." पोलादी टाच तुझ्याकडे परत येईल. डिक्शनरी एनिडला.

तार तुला वाचायला लागणार नाही. एवढं मी केलंय.

मर्विन


रविवार, २ फेब्रुवारी

प्रिय आयव्हर,

तू काही बघितलं नाहीस, म्हणून लिहितो. बाकी शोग्राउंडभर माणसं होती, त्यांतल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

शर्यतीच्या आधी आम्हाला ट्रॅकवरून हळू एक फेरी मारायला लावतात, लोकांना दाखवायला. मी कठड्याकडे बघितलं. निळा रंग उडालेल्या जागी एक जाड माणूस मटण भरलेला पाव खात होता. त्याच्या आजूबाजूला बघितलं. सगळी तोंडंच तोंडं. एकही पाठ नाही. डून शेजारून म्हणाला, "कुणाला शोधतोयस, आईला?" मी गॉगल पुसला. पुसलेलाच होता.

झेंडा पडला. चौघं सुटलो, आणि डूननं शब्द पाळला. गॅस सोडला आणि मला वाट दिली, हॉटेलातला वाढपी खुर्ची ओढून देतो तशी. पहिल्या वळणाला मी एकटा पुढे होतो. समोर खडी आणि दिवे. मला माझी मान जाणवली. आयव्हर, ती वळायला लागली होती. हनुवटी उजव्या खांद्यापर्यंत आलीच होती.

आणि दुसऱ्या वळणाच्या आत, गवतावर, पांढऱ्या रेषेच्या अगदी कडेला, ते होतं.

आत. बाहेरच्या भिंतीला नाही, आत. ट्रॅक झाडणाऱ्यांच्या रांगेत. दहाजण दाताळी धरून शर्यतीकडे बघत उभे, आणि मधला एक पाठ करून. लाल जर्सी. डावा पाय सरळ काठीसारखा बाजूला टाकलेला.

मी गाडी आडवी टाकली आणि ती ठिगळाच्या दिशेनं आत आली, दोरीनं ओढल्यासारखी, आणि रेषेला धरून गेली. तेव्हाच मला कळलं गुरुवारी भिंतीच्या जवळ का जात होतो. आपण बघू तिकडे गाडी जाते. तूच मला शिकवलं होतंस हे, आणि मीच तुला भिंतीपाशी उभं राहायला सांगत होतो. तू माझं ऐकलं असतंस तर मी चारही फेऱ्या तुझ्याच अंगावर आलो असतो आणि एका फेरीला पोचलो असतो.

दुसरी फेरी. उरलेला अर्धा ट्रॅक मी तुझ्याकडे परत यायच्या घाईत काढला. डून मागे कुठे होता ते मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही! हे लिहिताना मी दोनदा वाचून बघितलं. त्याला वाटलं होतं मी पडेन, म्हणून तो थांबून राहिला, आणि थांबून राहिला तो राहिलाच. शेवटी त्यानं जोर लावला असं लोक सांगतात. मला फक्त आवाज आला.

चौथ्या फेरीला मी वळणात शिरलो तेव्हा मागे दोन गाड्या जवळ आल्या होत्या, तीन इंजिनं एकदम ओरडत होती. आणि तू डावा कोपर वर केलास. जरासाच. जसा करायचास तसा.

तीन गाड्यांतून तुला माझी ऐकू आली.

मी बाहेरून नाही गेलो, आतूनच गेलो, रेषेवरून, आणि तसाच शेवटपर्यंत. डून दुसरा आला. नंतर मला म्हणाला, "मागे बघितलं नाहीस." मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "हरामखोरा," आणि हात मिळवला.

हॅगर्टीनं माझ्या गळ्यात विजेत्याचा पट्टा घातला, बँड वाजला, आणि मी त्या गर्दीतून निघून वळणाकडे धावलो तोवर तू गेलेला होतास. झाडणाऱ्यांचा मुकादम बार्नी ओशे तिथे दाताळी गोळा करत होता. मी विचारलं तर म्हणाला:

"तो लंगडा तुझा भाऊ होय? सकाळी गेटवर येऊन उभा. म्हणे खोऱ्यात ट्रॅक झाडलाय, दाताळं द्या. मी म्हटलं, बाबा, तुझा पाय वाकत नाही. तर म्हणतो, दाताळं चालवायला पाय कशाला वाकवायचा? ठेवला. चांगलं काम करतो. पण शर्यत सुरू झाली आणि हा पठ्ठ्या पाठ करून उभा! मी ओरडलो, अरे तोंड फिरव, एखादा घसरत आला तर चिरडून जाशील! तर म्हणतो, 'माझा भाऊ पुढे आहे. तो मला धडकणार नाही.' म्हटलं, तुला काय ठाऊक तो पुढे आहे, तू बघतोयस कुठे? म्हणाला, 'ऐकू येतंय.' मग म्हटलं, भिंतीपाशी जाऊन उभा राहा की, तिथे धोका नाही. तर हसला. 'त्यानंही तेच सांगितलं होतं,' म्हणाला. 'गाढव आहे तो. पण चालवतो बरी.'"

मग तू आगगाडी पकडायला गेलास, असं बार्नी म्हणाला.

मी मिसेस टलक यांना सांगितलं की आता पत्र लिहायची गरज नाही. त्यांनी तो पत्त्याचा कागद मला परत दिला नाही. असू दे म्हणाल्या.

एक विचारायचं होतं. तुला भीती वाटली का? मागून आम्ही चौघं येत होतो आणि तुझा पाय तसा. मला वाटली असती. मी बघितलं असतं मागे.

एनिडला सांग, ठिगळ वरच्या डाव्या कोपऱ्यात उसवलंय. तिसऱ्या फेरीला दिसलं.

तुझा,
मर्विन